समजल्याचा ठपका

शिकवणे ही अतिशय जोखमीची गोष्ट आहे. एकदा एखाद्याला काही समजले, की ते त्याच्याकडून परत काढून घेता येत नाही. औषध चुकले तर उतारा देता येतो, भिंत चुकली तर पाडता येते. पण माणसाला एखादी गोष्ट नीट कळली, की तो ती घेऊन उजळ माथ्याने गावभर फिरतो आणि कोणाचे काही चालत नाही. म्हणून कोणतेही जबाबदार विद्यापीठ शिकवण्याच्या कामावर अप्रशिक्षित माणूस सोडत नाही. आपल्या कथेतले विद्यापीठ तर इतके जबाबदार होते, की ते प्रशिक्षित माणूसही सोडत नसे.

प्राध्यापकांची चिंता नव्हती. प्राध्यापक व्याख्यान देतात, आणि व्याख्यानातून सहसा कोणाला काही समजत नसल्यामुळे त्यात धोका कमी. धोका होता तो अध्यापन-साहाय्यकांचा. हे साहाय्यक म्हणजे स्वतःचाच प्रबंध अजून लिहीत असलेली पंचविशीतली मुले-मुली. आठवड्यातून एकदा ती उजळणीचा तास घेतात आणि व्याख्यानात जे डोक्यावरून गेले ते हाताला लागेल इतके खाली उतरवून देतात. विद्यापीठात समजण्याची घटना घडलीच, तर ती अशा तासाला घडते. तेव्हा बंदोबस्त तिथेच करायला हवा होता, आणि त्यासाठी ‘अध्यापन-साहाय्यक व्यावसायिक विकास कक्ष’ स्थापन झाला.

कक्षाला तिसऱ्या मजल्यावरची, गालिचा असलेली एकमेव खोली मिळाली. संचालक म्हणून जे गृहस्थ आले ते अत्यंत सज्जन होते. शिकवण्याविषयी त्यांना इतकी कळकळ, की गेली कित्येक वर्षे ते स्वतः वर्गात गेले नव्हते. आपला हात लागून काही बिघडू नये, ही त्यामागची भावना. त्यांना मागे सगळे विकासकाका म्हणत. ते त्यांना माहीत होते आणि आवडतही होते. त्यांच्या जोडीला एक निरीक्षिकाबाई होत्या. त्या कधी हसत नसत, कारण त्यांच्या तक्त्यात हसण्याचा रकाना प्रशिक्षणार्थींसाठी राखून ठेवलेला होता.

अभ्यासक्रम तज्ज्ञांनी फार विचार करून आखला होता. वर्गात प्रवेश (दारातून). फळ्याशी उभे राहणे, त्यात फळ्याकडे पाठ आणि फळ्याकडे तोंड असे दोन उपघटक. नजर फिरवणे. अर्थपूर्ण विराम. पुढचे आठवत नसल्यामुळे घेतलेला विराम अर्थपूर्ण वाटेल असा घेणे. अभिप्राय देणे, अभिप्राय घेणे आणि घेतलेल्या अभिप्रायावर अभिप्राय देणे. ‘विषयाचे ज्ञान’ हा घटक ऐच्छिक होता. पुरेशी नोंदणी न झाल्यामुळे तो त्या सत्रापुरता रद्द करण्यात आला.

या प्रशिक्षणाला संख्याशास्त्र विभागातून जिला पाठवले तिला सगळे धाकटी म्हणत. ती विभागात सर्वात नवी होती, एवढेच कारण. तिच्याहून वयाने लहान असलेला शिपाईसुद्धा तिला ‘धाकट्या मॅडम’ म्हणे. धाकटीला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे शिकवणे. पहिल्या वर्षाला असताना अशाच कुणा साहाय्यकाने तिला एका तासात सरासरी समजावून सांगितली होती आणि तेव्हापासून ती या विषयाच्या नादी लागली ती लागलीच. नेमणुकीचे पत्र आले त्या दिवशी तिने आरशासमोर उभे राहून पहिल्या तासाची तालीम केली. तो तिचा त्या महिन्यातला शेवटचा तास ठरला.

कारण प्रशिक्षण गुरुवारी अकरा वाजता होते, आणि तिचा उजळणीचा तासही गुरुवारी अकरालाच होता. यात कोणाची चूक नव्हती. उजळणीचे सगळेच तास गुरुवारी अकराला असत, त्यामुळे साहाय्यकांना मोकळी वेळ कोणती, याची चौकशी केल्यावर कक्षाला असे आढळले की गुरुवारी अकरा वाजता सगळे साहाय्यक हमखास विद्यापीठात असतात. वर्गाच्या दारावर सूचना लागली: ‘आपल्याला अधिक चांगले शिकवता यावे म्हणून आपले साहाय्यक आपल्याला शिकवणार नाहीत. सहकार्याबद्दल आभार.’ पहिल्या वर्षाची मुले ती सूचना वाचत आणि व्हरांड्यात कट्ट्यावर बसून सहकार्य करत.

धाकटी राहायची आत्याकडे. आत्या मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवायची आणि बोलताना समोरचा माणूस नेहमी चुकीच्या बाजूने येतोय असे धरून बोलायची.

“आज तरी शिकवलंस का गं?”

“नाही आत्या. आज आम्ही दारातून आत आलो.”

“मग मागच्या गुरुवारी काय खिडकीतून आला होतात?”

“मागच्या गुरुवारी दाराबाहेर उभं राहायचं होतं.”

आत्याने भाजी ढवळली. “मी पहिल्या दिवशीच माणसाला स्टिअरिंगवर बसवते. ब्रेक माझ्या पायाशी असतो, म्हणून छाती होते. तुमच्याकडे ब्रेकच ब्रेक दिसतायत, गाडी कुठंय?”

गाडी येणार होती. अभ्यासक्रमाचा कळस म्हणजे नमुना-तास. त्यात प्रत्येक साहाय्यकाने नमुना-वर्गाला वीस मिनिटे शिकवायचे, आणि बाकीच्या साहाय्यकांनी विद्यार्थी व्हायचे. शास्त्रीयतेसाठी विद्यार्थ्यांचे सात प्रकार ठरवून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या: उत्साही, शंकेखोर, उशिरा येणारा, मोबाइलवाला, उद्धट, झोपाळू आणि मान डोलावणारा. यातला शेवटचा सर्वात अवघड. काही न कळता, पण सगळे कळल्यासारखी मान योग्य जागी डोलावणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. (विकासकाकांनी एकदा तो करून दाखवला तेव्हा सगळे थक्क झाले. नंतर त्यांनाच सांगावे लागले की आपण अजून सुरुवातच केलेली नाही.)

परंतु साहाय्यकांना विद्यार्थी होणे जमेना. तत्त्वज्ञानाच्या साहाय्यकाला ‘झोपाळू’ची चिठ्ठी आली, तर झोप म्हणजे नेमके काय, यावर तो पंधरा मिनिटे बोलला. ‘उद्धट’ झालेली मुलगी दर वाक्यानंतर माफी मागत होती. निरीक्षिकाबाईंनी अहवालात लिहिले की वर्गात अस्सलपणाचा अभाव आहे. विकासकाका दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांना सुचले की विद्यार्थ्यांच्या भूमिकेसाठी विद्यार्थी आणून पाहावेत.

ही कल्पना इतकी धाडसी होती की तिला वरून मंजुरी घ्यावी लागली. आता गुरुवारी अकरा वाजता मोकळे विद्यार्थी कुठून मिळवायचे? पुष्कळ शोधाशोध झाली आणि मग लक्षात आले की ज्यांचा तास प्रशिक्षणामुळे रद्द आहे ते सगळे मोकळेच आहेत, व्हरांड्यातच बसलेले आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! परिपत्रक निघाले, आणि पुढच्या गुरुवारी धाकटी नमुना-तास घ्यायला उभी राहिली तेव्हा तिच्यासमोर गालिच्यावरच्या नव्या खुर्च्यांत तिचाच वर्ग बसला होता.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मागे भिंतीला डोके टेकून झोपण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता त्या लांब्याला ‘उत्साही’ आली. त्याला मान ताठ करून पहिल्या रांगेत बसावे लागले, आणि तिथे बसल्यावर ऐकू येते, असे त्याला आढळले. वर्गात एक मुलगी होती. तिने प्रवेश घेतल्यापासून तोंड उघडलेले कोणी पाहिले नव्हते, म्हणून तिला गप्पू म्हणत. तिला ‘शंकेखोर’ आली. चिठ्ठी वाचून तिचा चेहरा उतरला. पण नियम म्हणजे नियम.

धाकटीने सरासरी घेतली. सगळ्यांना उंचीप्रमाणे ओळीत उभे केले. बरोबर मधला मुलगा कोण ते पाहिले, मग सगळ्यांच्या उंचीची सरासरी काढली. नंतर टोकाला उभ्या असलेल्या लांब्याला म्हणाली, “आता तू खुर्चीवर चढ.” लांब्या उत्साहाने चढला, भूमिकाच तशी होती.

“सरासरी वाढली. मधला मुलगा बदलला का?”

मुले वाकून ओळीत पाहू लागली. मग ओळीच्या मध्यातून एक बारीक आवाज आला. “मॅडम, तो अजून कितीही वर चढला तरी मधला तोच राहणार ना?”

ती गप्पू होती. धाकटी चटकन तिच्याकडे वळली. “हो. पुढे विचार.”

“मग एखाद्या घोळक्यात एकच माणूस लई श्रीमंत असला, तर सरासरी काढून सगळेच बरे आहेत असं म्हणता येईल. पण ते खोटं असेल.”

वर्गातला एकेक चेहरा उजळत गेला. समजणे ही संसर्गजन्य गोष्ट आहे. खिडक्या बंद असल्या तर ती फार लवकर पसरते. ‘मान डोलावणारा’ म्हणाला, “थांबा, मलापण खरंच कळलं.” ‘झोपाळू’ जागा होताच. तास संपल्यावर गप्पू दारात घुटमळली आणि म्हणाली, “भूमिकाच होती, म्हणून विचारलं हं मॅडम.”

निरीक्षिकाबाईंचा शेरा असा: ‘विद्यार्थ्यांनी भूमिका सोडल्या. झोपाळू एकदाही झोपला नाही. मुख्य म्हणजे अखेरीस वर्गात एकही शंका उरली नाही. त्यामुळे शंका-निवारणाच्या पाचही टप्प्यांची परीक्षा घेता आली नाही. (टप्पे: ऐकणे, मान हलवणे, ‘छान प्रश्न आहे’ म्हणणे, प्रश्न पुन्हा उच्चारणे, पुढच्या तासावर टाकणे.) विद्यार्थ्यांना समजल्याचे स्पष्ट पुरावे आहेत. अपूर्ण. नमुना-तास पुन्हा घ्यावा.’

“वाईट वाटून घेऊ नका,” विकासकाका तिला म्हणाले. “पहिल्या खेपेला समजतं कधीकधी. सरावाने जाईल.”

“पुन्हा म्हणजे केव्हा, सर?”

“पुढच्या गुरुवारी. याच विद्यार्थ्यांसमोर.”

धाकटीला वाईट वाटले नाही. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

इथून पुढे धाकटी दर गुरुवारी नापास होऊ लागली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी तिची गत झाली. एकदा मुलांना विचलन समजले, एकदा शक्यता समजली, एकदा तर आलेख इतका समजला की निरीक्षिकाबाईंनी ‘समजले’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. दरम्यान इतर साहाय्यक पटापट उत्तीर्ण होत होते. उत्तीर्ण झालेल्यांचे ज्ञान ताजे राहावे म्हणून त्यांना प्रमाणपत्रोत्तर प्रशिक्षणाला घालत. ते गुरुवारी अकरा वाजता असे. अशा रीतीने साऱ्या विद्यापीठात शिकवणारी अशी एकच साहाय्यक उरली, आणि तिला शिकवता येत नाही याबद्दल अधिकृत कागद होता.

इतर वर्गांतली मुलेही नमुना-विद्यार्थी व्हायला येऊ लागली. खुर्च्या कमी पडल्या. मुले गालिच्यावर बसली. विकासकाकांनी मोठ्या समाधानाने वर कळवले की विद्यार्थ्यांमध्ये अभिनयाची आवड अडीचपट वाढली आहे.

सगळे सुरळीत चालले असता कोणीतरी नियमावली शेवटपर्यंत वाचली. (असे लोक प्रत्येक संस्थेत एक-दोन निघतातच.) त्यात लिहिले होते की सत्र संपेपर्यंत जो साहाय्यक उत्तीर्ण होणार नाही, त्याची नेमणूक आपोआप संपेल. सत्राचा एकच गुरुवार उरला होता, आणि मुलांच्या अभ्यासक्रमातला एकच धडाही. दोन गोष्टी सोबतीने वाढतात म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा तो धडा. धाकटीच्या मते सगळ्या संख्याशास्त्रात इतका गरजेचा धडा दुसरा नव्हता. परीक्षेत तर तो येणारच होता.

आत्याने ऐकून घेतले. “मग त्या दिवशी जरा वाईट शिकव. परवान्याच्या परीक्षेला मीसुद्धा पोरांना सांगते, साहेबाला आवडतं तसं चालवा, मग बाहेर पडून कसं चालवायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

“त्यांना कळणार नाही, आत्या. ती परीक्षेला बसणार आहेत.”

“आणि तू घरी बसणार आहेस.”

 धाकटीने रात्रीचे जेवण अर्धे टाकले. आत्याने ते पाहिले, आणि इतर वेळी हॉर्न वाजवला असता, पण या वेळी वाट दिली.

गुरुवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी लांब्याने विचारले, “मॅडम, पुढच्या सत्राला तुम्हीच आहात ना?” धाकटीला खोटे बोलता येत नसे, संख्याशास्त्रात त्याची सोय असते, पण तिने ती कधी वापरली नव्हती. तिने जे होते ते सांगितले. तुम्हाला समजले तर मी नसेन. पण त्याची काळजी तुम्ही करायची नाही, तुम्ही फक्त लक्ष द्यायचे. मुले एकमेकांकडे पाहत राहिली. तेवढ्यात निरीक्षिकाबाई आल्या आणि चिठ्ठ्या वाटल्या गेल्या.

धाकटीने जीव ओतून शिकवले. आत्याच्या क्लासचा दाखला घेतला. “ज्यांनी गाडीच्या सर्वात जास्त शिकवण्या घेतल्या, तेच परीक्षेत सर्वात जास्त वेळा फाटकाला धडकतात. मग शिकवण्यांमुळे माणूस धडकतो का?”

“हो,” लांब्या म्हणाला, आणि भिंतीला डोके टेकून घोरू लागला. मोबाइलवाल्याने मोबाइल काढला. सात जणी एका तालात मान डोलावत होत्या, जिथे डोलावायला नको तिथेसुद्धा. धाकटीने तेच पुन्हा सांगितले, चित्र काढून सांगितले. गप्पूने हात वर केला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

“मॅडम,” गप्पूने विचारले, “गाडी कोणत्या रंगाची होती?”

धाकटीने ऐकले. मान हलवली. काय बोलावे ते सुचेना म्हणून “छान प्रश्न आहे” म्हणाली. आपण बरोबर ऐकले ना, म्हणून प्रश्न पुन्हा उच्चारला. मग तिला रडू येईलसे वाटले, म्हणून म्हणाली, “पुढच्या तासाला बघू.”

निरीक्षिकाबाईंच्या पेनाने पाच खुणा केल्या आणि त्या चक्क हसल्या. ‘अत्यंत अस्सल वर्ग,’ त्यांनी लिहिले. ‘समजल्याचा कोणताही पुरावा नाही. उत्तीर्ण.’ विकासकाकांचे डोळे पाणावले होते. “बघा,” ते म्हणाले, “म्हटलं नव्हतं? सरावाने जातं.”

प्रमाणपत्र हातात घेऊन धाकटी व्हरांड्यात आली ती पडलेल्या चेहऱ्याने. इतक्या गुरुवारांची मेहनत, आणि जो दिवस खरा कामाचा त्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी. कट्ट्यावर सगळा वर्ग बसला होता. लांब्याने एक डोळा उघडला.

“शिकवण्यांमुळे कुणी धडकत नाही, मॅडम. ज्याला चालवता येत नाही तोच जास्त शिकवण्या घेतो. दोन्हीचं कारण तिसरंच.” मग त्याने दुसराही डोळा उघडला. “पण तुमचं तसंही नाही. तुम्ही सर्वात जास्त वेळा नापास झालात, त्यावरून तुम्हाला येत नाही असंही निघत नाही.”

“आणि गाडी पांढरी असते,” गप्पू म्हणाली. “मी पाहिलीय. वर मोठा फलक असतो.”

धाकटी कट्ट्यावर मुलांच्या मध्ये बसली आणि हसता हसता रडली. दुसऱ्या दिवशी तिने विकासकाकांना भेटून एक सूचना केली. प्रशिक्षणाचे महत्त्व लक्षात घेता पहिल्याच सत्रात कोणालाही, अगदी आपल्यालाही, उत्तीर्ण करू नये, नापासाची नेमणूक संपवू नये, आणि नमुना-तास वीस मिनिटांऐवजी पूर्ण तासभराचा असावा. विकासकाकांना ती सूचना फार आवडली, आणि तिचा लगेच नियम झाला.

तेवढ्यात निकाल लागले आणि धाकटीचा वर्ग साऱ्या विद्यापीठात पहिला आला. विकासकाकांनी वार्षिक अहवाल लिहिला: ‘ज्या साहाय्यकाला सर्वाधिक वेळा प्रशिक्षण द्यावे लागले, तिच्याच विद्यार्थ्यांना सर्वाधिक गुण मिळाले. यावरून प्रशिक्षणामुळे गुण वाढतात हे निर्विवाद सिद्ध होते.’ प्रशिक्षण दुप्पट करण्यात आले. आता त्या विद्यापीठात खरे तास सगळे रद्द असतात आणि नमुना-वर्ग भरभरून वाहतात. प्रत्येक साहाय्यक नापास आहे आणि मुलांना सगळे समजते.

अहवालातले ते वाक्य वाचताना आपण मान डोलावलीत, हे निरीक्षिकाबाईंनी टिपून ठेवले आहे. आपल्याला कोणती चिठ्ठी मिळाली होती, ते त्या विचारत आहेत.